नवव्या रेघेवरचं नाव

वाघोली,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. आनंद यास,

ताईचा सलाम. आठ वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, मी मेलेली नाही. मेले असते तर तुला दुसऱ्या कुणीतरी कळवलं असतं, आणि फोनवर. माझा फोन तू उचलत नाहीस. नम्रता उचलते, पण तुझी बायको आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग साखरेची, मग रक्तदाबाची, आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पोस्टाची कास धरली. वाघोलीहून मांजरीला पत्र पोचायला दोन दिवस लागतात असं पोस्टातली मुलगी म्हणाली. चालत गेलं तरी अर्ध्या दिवसात पोचेल. पण माझे गुडघे.

काम आहे. गेनबा नावाचा एक माणूस आहे, वय बासष्ट. आमच्या सोसायटीत बी विंगला सहा वर्षं रखवालदार होता. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्याला काढलं. नोकरी गेली, त्याबरोबर जिन्याखालची खोलीही गेली. आता केसनंदला पुतण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो आणि पुतण्याची बायको रोज सकाळी चहाबरोबर विचारते, मामंजी, पुढं काय ठरलं? बायको वारलेली, मूलबाळ नाही. दारू पीत नाही, तंबाखू खातो. झाडांचं त्याला कळतं, आमच्या गेटजवळचा मोगरा त्यानेच जगवला.

तुझ्या नर्सरीत पाणी द्यायला, राखणीला माणूस लागतो. राहायला खोलीही आहे, मला आठवतंय. एवढं कर. माझ्यावरचा राग त्या बिचाऱ्यावर काढू नकोस.

मी बरी आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पहाटे जाग येते आणि वाटतं, दुसऱ्या तासाला पाळक व्हायला आलेल्या पोरांपुढे रोमन राज्यातल्या ख्रिस्ती छळाचा धडा आहे. मग आठवतं की कुठलीच पोरं नाहीत, आणि चहा ठेवते.

तुझी,
सत्यशीलाताई


वाघोली,
बुधवार, १५ जानेवारी

चि. आनंद,

तुझं कार्ड मिळालं. ना सलाम ना ख्यालीखुशाली, एक ओळ: "माणसाला का काढलं ते लिहिलं नाहीस." वा रे वा. आठ वर्षांत शब्द वाचवायला चांगला शिकलास.

लिहिते.

मी इथे राहायला आले तेव्हापासून माझ्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता प्रार्थना असते हे तुला नम्रताकडून कळलंच असेल. गाजावाजा काही नाही. आठ-नऊ माणसं, दोन गीतं, एक उतारा, त्यावर मी थोडं बोलायचं (थोडं म्हणजे माझ्या मापाने थोडं) आणि चहा. शुभंकर म्हणून आमच्याच विंगमधला एक आयटीतला मुलगा गिटार वाजवायचा. गेनबा ड्युटीच्या सुट्टीत यायचा आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायचा. खुर्ची दिली तर म्हणायचा, "हितंच बरं हाय, मॅडम, गेटवरचा हॉर्न ऐकू येतो." त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. मी कधी विषय काढला नाही, त्यानेही नाही. बायको गेल्यावर यायला लागला, एवढंच.

नोव्हेंबरात कुणीतरी कमिटीकडे तक्रार केली. सोसायटीचा सेक्रेटरी दत्तप्रसाद, वय चाळीस, बोलायला अगदी गोड. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "काकू, आवाज होतो म्हणतात लोक." आम्ही गिटार बंद केली. दुसऱ्यांदा आला, "बाहेरची माणसं येतात म्हणतात." बाहेरचं कुणी नव्हतंच, मी तसं सांगितलं. तिसऱ्यांदा आला तो छापील कागद घेऊन. सदनिकेत यापुढे प्रार्थना, सभा, कार्यक्रम भरवणार नाही, खाली सही. "फॉर्मॅलिटी आहे हो, काकू. एकदा सही झाली की मीही सुटलो, तुम्हीही सुटलात."

त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मी दळणाचा डबा घेऊन चार मजले चढून आले होते. दूध गॅसवर होतं. आनंद, मला फक्त तो माणूस दारातून जायला हवा होता.

सही केली.

हं, हस आता. तिसरं शतक शिकवण्यात माझी हयात गेली. रोमन बादशहाचा हुकूम निघाला, प्रत्येकाने अधिकाऱ्यापुढे देवतेला धूप दाखवायचा आणि तसा दाखला घ्यायचा. किती जणांनी मुकाट्याने घेतला, किती जणांनी चार पैसे चारून नुसताच दाखला मिळवला, हे मी पोरांना घसा खरवडून सांगायचे. "यांना पतित म्हणत," असं म्हणून फळ्यावर तो शब्द मोठा लिहायचे. त्यांच्यापुढे निदान तलवार होती. माझ्यापुढे एक बॉलपेन होतं, तेही माझंच.

मग कमिटीला गेनबाचं कळलं आणि ड्युटीवर असताना सभेला बसतो म्हणून रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीने त्याला काढलं. झालं समाधान? आता त्याला ठेवून घे.

ताई


वाघोली,
शुक्रवार, २४ जानेवारी

आनंद,

तुझं दुसरं कार्ड. "कमिटीला त्याचं नाव कुणी सांगितलं?"

लहानपणी तू बरणीतला लाडू खाल्लास की मी तुला असेच प्रश्न विचारायची. एकेक, शांतपणे. आणि तू कबूल करेपर्यंत आईला सांगायची नाही. माझीच विद्या माझ्यावर चालवतोयस.

तीन दिवस कार्ड फ्रिजवर ठेवलं होतं. काल वाटलं, लिहावं की एजन्सीला कॅमेऱ्यात दिसलं. कॅमेरा आहेच आमच्या मजल्यावर. वाक्य जुळवलंही होतं.

मी सांगितलं. माझ्या हाताने लिहून दिलं.

त्या कागदावर सहीच्या वर दहा रेघा होत्या, "उपस्थितांची नावे". दत्तप्रसादने भरा असं म्हटलंसुद्धा नाही. तो तर मोबाइल बघत होता. मी आधी सही केली, मग माझं लक्ष रेघांकडे गेलं. तीस वर्षं मी परीक्षेला बसणाऱ्या पोरांना सांगत आले, रेघ रिकामी ठेवायची नाही, येतं तेवढं लिहायचं. हात चालत गेला. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. नाव, विंग, फ्लॅट नंबर. शुभंकरचं सहावं. आठ झाल्यावर थांबले आणि आठवलं, अरे, गेनबा राहिला. कुणी राहून गेलं की त्याचा अपमान होतो असं मला वाटायचं. नवव्या रेघेवर लिहिलं: गेनबा, रखवालदार, बी विंग. दहावी रेघ रिकामी राहिली याची मला रुखरुख लागली, खोटं कशाला बोलू. दत्तप्रसाद म्हणाला, "अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं!" आणि मी थँक्यू म्हटलं.

थँक्यू म्हटलं मी!

दूध उतू गेलं होतं तेवढ्यात. गॅस पुसताना मला कळलं मी काय केलंय ते. खाली जाऊन कागद परत मागायचा होता. चार मजले. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी लिफ्ट चालू होती, तरी गेले नाही.

आता तू मनात जे म्हणतोयस ते मीच लिहिते. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या नर्सरीच्या शेडमध्ये रविवारची उपासना व्हायची, तक्रार झाली, तुला चौकीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि तू लिहून दिलंस की माझ्या जागेत पुन्हा उपासना भरवणार नाही. पण त्यांनी तुला विचारलं होतं, कोण कोण येतं? तू म्हणालास, मला रोपांची नावं राहतात लक्षात, माणसांची नाही. पुन्हा पुन्हा विचारलं. पाणी दिलं नाही. तू एक नाव दिलं नाहीस. चाळीस माणसं होती. हे मला तेव्हाही माहीत होतं, आनंद. नम्रताने रडत रडत सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, ते ठीक आहे, पण सही केली ना?

त्या काळच्या ख्रिस्ती मंडळीत सही करणाऱ्याला परत घेत. वर्षं लागत, पण घेत. ज्याने माणसांची नावं किंवा मंडळीची पुस्तकं शिपायांच्या हवाली केली, त्याच्याकडे कुणी नीट बघत नसे. हा फरक मी शिकवायचे. पाच मार्कांना विचारायचे.

गेनबाकडे मी गेले होते. केसनंदला, रिक्षा करून, डझनभर केळी घेऊन. तो म्हणाला, "मॅडम, पायाचा त्रास असताना कशाला आलात?" मी त्याच्या पुतण्याच्या बायकोचा चहा प्यायले, थंडीवर बोलले आणि परत आले. त्याला सांगितलं नाही.

आता तरी त्याला घेऊन जा. माझ्यासाठी नको करूस. मी तुझ्या जागी असते तर माझ्यासाठी केलं नसतं.

ताई


वाघोली,
सोमवार, ३ फेब्रुवारी

आनंद,

नम्रताचा फोन आला. गुडघे, साखर, रक्तदाब, आणि मग म्हणाली, "ताई, गेनबाकाका आठवडाभर इथेच आहेत. हे टेम्पो घेऊन गेले आणि घेऊन आले त्यांना." म्हणजे माझं पत्र मिळाल्या मिळाल्या गेलास. मला कार्ड टाकावंसं वाटलं नाही तुला. बरोबर आहे. मी फोन ठेवला. रडलेसुद्धा, या वयात नाक लाल करून.

एक गोष्ट तुला ठाऊक आहे का, मला ठाऊक नाही. मला परवा कळली. शुभंकर लिफ्टमध्ये भेटला, मान खाली. म्हणाला, "आंटी, सॉरी, मला कमिटीने बोलावलं तेव्हा मी म्हटलं, मी जस्ट गिटारसाठी जायचो." मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला एकेकाला बोलावलं होतं? तर हो. नऊच्या नऊ जणांना. कुणी म्हणालं चहाला जायचो, कुणी म्हणालं बाईंचे पाय दुखतात म्हणून सोबतीला जायचो. आठही जण सुटले. मग गेनबाला बोलावलं. दत्तप्रसादनेच त्याला वाट दाखवली म्हणे, "गेनबा, तुम्ही वर चावी द्यायला जात असाल, हो ना?" तेवढं हो म्हटला असता तर आज तो गेटवर असता. गेनबा म्हणाला, "न्हाई साहेब, प्रार्थनेला जातो. दर गुरुवारी जातो." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं. शुभंकर म्हणाला, "आंटी, ही वॉज सो कूल यार. आम्ही सगळे टेन्शनमध्ये आणि हे काका एकदम रिलॅक्स."

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली तरी मी उतरले नाही.

तीस वर्षं मी पोरांना हे शिकवलं आनंद, की रक्तसाक्षी होणं, विश्वासापायी प्राण देणं, म्हणजे मरणाची हौस नव्हे. जुन्या गुरूंनी बजावून ठेवलं होतं, स्वतः होऊन पुढे धावू नका. एकजण धावला होता, दुसऱ्यांनाही ढकलत होता, आणि जनावरं दिसल्यावर सगळ्यांत आधी तोच फिरला. पोरं हसायची. मी तो माणूस आहे हे मला कुणी सांगितलं नाही. ते गुरू म्हणायचे, बांधलेला असतो तो अधिकारी, कारण त्याला हुकूम पाळायचाय. ज्याच्याकडून काही हिरावून घेता येत नाही तो बेडीतही मोकळा. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की त्यातला जीव गेला होता. आणि तो माणूस माझ्या दाराशी चपलांजवळ बसत होता. मी त्याला बिस्किटं देत होते.

आणखी एक शिकवायचे. ज्यांनी विश्वासाची कबुली दिली, तुरुंगात गेले, त्यांच्याकडे पतित लोक जायचे आणि शांतीची चिठ्ठी मागायचे. यांना परत घ्या, एवढंच त्या चिठ्ठीत असायचं. तुरुंगातल्या साध्यासुध्या माणसांची चिठ्ठी, कुणी चांभार, कुणी मोलकरीण. बिशपांना राग यायचा, यांना अधिकार कुणी दिला म्हणून. मी नेहमी बिशपांची बाजू घ्यायचे. शिस्त नको का?

म्हणून आता जे लिहिते ते गेनबाला वाचून दाखव. त्याला वाचता येत नाही. सगळं वाच, वगळू नकोस.

गेनबा, तुमचं नाव कमिटीला मी दिलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. तुमची नोकरी आणि खोली माझ्यामुळे गेली. केसनंदला आले तेव्हा हे सांगायला आले होते आणि घाबरून केळी देऊन गेले. मला माफ करा असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण म्हणते. माफ करा.

आनंद, तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून पाठव. शिव्या दिल्या तर शिव्या लिही.

आणि तुझ्याशी माझं वेगळं आहे. आठ वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीत उतारा वाचायला तू उभा राहिलास आणि मी पाळकांना जाऊन सांगितलं, याने सही केलीय, याने वाचू नये. तुझ्या हातातलं पवित्र शास्त्र मी काढून घेतलं, सगळ्या मंडळीदेखत. तू मागच्या बाकावर जाऊन बसलास, आणि माती द्यायलाही शेवटी आलास. तेव्हा मला वाटलं, मी मंडळीची लाज राखली. नाकाने कांदे सोलत होते मी. चुकले रे. तुझी फार आठवण येते.

ताई


वाघोली,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

आनंदा,

तुझं पाकीट काल आलं. कार्ड नाही, पाकीट! गेनबाचं बोलणं तू खरंच जसंच्या तसं उतरवलंस. पुन्हा लिहिते, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचलं:

"मॅडमना म्हना, मला त्याच दिशी कळलं हुतं. सेक्रेटरी साहेबानं कागूद दाखवला, म्हनला हे बघ, मॅडमनीच लिवलंय. मला काय वाचता येतंय? पर अक्षर वळखू आलं, फळ्यावानी असतंय त्यांचं. मला राग आला हुता, दोन दिस. मग गेला. मॅडम केळी घिऊन आल्या तवा मला वाटलं आता बोलतील, मग बोलतील. बोलल्या न्हाईत, म्हून मीच थंडीचा विषय काढला. साहेबानं इचारलं, मी हाय ते सांगितलं. तेवढं बोललो आन लई मोकळं वाटलं बगा. माफी दिली म्हनावं. ती काय माझ्या घरची हाय व्हय, अडवून ठेवायला? आन येत्या गुरुवारी सहाला येतो. आता मी तिथं नोकर न्हाई, मला काढनार कोन? मॅडमना म्हनावं, दार उघडा."

मी हे वाचलं आणि पहिला विचार काय आला सांगू? नको रे बाबा. माफी पोचली, पुष्कळ झालं. आता मला दमलेल्या म्हातारीला पडू द्या. मी हे तुला सांगतेय, त्याला सांगू नकोस. नाही, सांग. वाच त्याला.

आज सकाळी दत्तप्रसादकडे गेले. चार ओळींचं पत्र दिलं: सही मागे घेत आहे, गुरुवारी सहा वाजता माझ्या घरी प्रार्थना होईल. तो गडबडला. "अहो काकू, दिलेली सही अशी मागे घेता येते का?"

"येते. पूर्वीही घेत असत."

"कधी?"

"तिसऱ्या शतकात."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाला, जनरल बॉडीत विषय घ्यावा लागेल, नोटीस येईल, लोक काहीबाही बोलतील, तुम्ही एकट्या राहता. धमकी नव्हती ती, आनंद. त्याला खरंच काळजी वाटत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कुणाची नावं या वेळी लिहिली नाहीत. त्याने विचारलं, कोण येणार आहे? मी म्हटलं, सत्यशीला येणार आहे, फ्लॅट चारशे तीन.

बाकीच्या आठ जणांना मी बोलावलेलं नाही. ज्याला यायचंय त्याला दार ठाऊक आहे.

नम्रताला सांग, गुडघे तसेच आहेत.

गुरुवारी तो गेटवर येईल. नवा रखवालदार वहीत लिहील, नाव काय, कुणाकडे, काय काम. गेनबा काय काम सांगणार हे मला माहीत आहे. मग माझ्या स्वयंपाकघरातला फोन वाजेल आणि तो मुलगा विचारेल, "मॅडम, प्रार्थनेला आलोय म्हणतायत. पाठवू का वर?" मला फक्त हो म्हणायचंय. सकाळपासून ओट्याशी उभी राहून मोठ्याने म्हणून बघतेय. तीनदा नीट आलं, एकदा आवाज फुटला नाही.

तू त्याच्याबरोबर ये, आनंदा. तुझंही नाव विचारतील.

तुझी,
ताई